स्वस्त लिथियम बॅटरी: ब्रँड बाजूला ठेवून मी काय काय मोजलं

कॅम्पर व्हॅनमधल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या थकल्या होत्या आणि वीजजोडणी नसलेली एक खोलीही सोलरवर चालवायची होती. दोन्हीकडे लिथियमच घ्यायचं हे पक्कं होतं. प्रश्न होता कोणत्या ब्रँडची घ्यायची हा. बॅटल बॉर्न घेतली असती तर फार डोकं चालवावं लागलं नसतं. त्यांची जोडणी अमेरिकेत नेवाडात होते, वॉरंटी १० वर्षांची आहे. व्हिक्ट्रॉनच्या स्मार्ट मालिकेत बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बॅटरीबाहेर वेगळा बसवावा लागतो आणि चार्जर, इन्व्हर्टर, बीएमएस सगळे एकमेकांना धरून चालतात. पण मला लागणारा साठा त्या भावाने घेणं आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून मी लाइटाइम, रेडोडो, पॉवर क्वीन, इको-वर्दी, चिन्स, वॅट्रर, वॉटसायकल अशा नावांकडे वळले. ही यादी संपतच नाही, अधूनमधून तिच्यात नवं नाव दाखल होतं.

थोडं खोलात गेल्यावर कळलं की या किमतीच्या बॅटऱ्यांमध्ये नावावरून फारसं काही कळत नाही. लाइटाइम म्हणजे पूर्वीची अँपिअर टाइम. लाइटाइम, रेडोडो आणि पॉवर क्वीन यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली तर कितीतरी आकडे आणि वाक्यं सारखीच दिसतात. उलट एकाच ब्रँडच्या एकाच मॉडेलमध्ये आज एक सेल आणि पुढच्या बॅचमध्ये दुसरा, असंही होऊ शकतं, कारण सेल एकाकडून, बीएमएस दुसऱ्याकडून, डबा तिसऱ्याकडून घेऊन त्यावर आपलं लेबल लावणारे यात पुष्कळ आहेत. तेव्हा मी तीन वेगवेगळ्या नावांच्या बॅटऱ्या मागवल्या, तिन्ही १२.८ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास), आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून अ, ब, क लिहिलं. इथेही तीच अक्षरं ठेवते. माझ्या हातात आलेल्या एकेका नगावरून अख्ख्या ब्रँडला चांगलं-वाईट म्हणणं योग्य होणार नाही. शिवाय माझा निष्कर्ष नावाबद्दल नाहीच, हातात आलेली बॅटरी कशी तपासावी याबद्दल आहे.

आधी गरजेचा हिशेब. व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज आहे, तो चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो, पण सतत चालत नाही. दिवसाचे सरासरी ४५० वॉट-तास. पंखा, दिवे, पाण्याचा छोटा पंप, लॅपटॉप, फोन धरून एकूण ८५० च्या घरात. १०० एएचच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत कागदावर १,२०० वॉट-तास असतात, पण ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर संपते, म्हणजे हाताशी ६००. लिथियममध्ये १२.८ गुणिले १००, म्हणजे १,२८०, आणि त्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात. वजन निम्म्याहून कमी. व्हॅनसाठी एक पुरणार होती. खोलीसाठी याच्या चौपट साठा हवा होता.

या सगळ्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी १९९७ साली या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या कामासाठी नोबेल मिळालं. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध यात घट्ट असतो, त्यामुळे तापली तरी फोनमधल्या कोबाल्टवाल्या बॅटरीइतक्या सहज ती ऑक्सिजन सोडत नाही. झोपण्याच्या जागेखाली ठेवायच्या वस्तूसाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका सेलचा व्होल्टेज ३.२, चार सेल ओळीत जोडले की १२.८. सेल ३.६५ च्या वर चढवायचा नाही आणि २.५ च्या खाली उतरवायचा नाही, म्हणजे बॅटरीला १४.६ आणि १० या दोन मर्यादा. त्या सांभाळण्याचं काम बीएमएसचं.

मागवण्याआधी माहितीपत्रकं बारकाईने वाचली. सर्वांत मोठ्या अक्षरात असतात ते सायकल, म्हणजे भरून उतरवण्याच्या फेऱ्या: ४,०००, ६,०००, कुठे १५,०००. रोज एक सायकल धरली तर १५,००० म्हणजे ४१ वर्षं. सेल नुसता पडून राहिला तरी वयाने झिजतो, तेव्हा हा आकडा मी बाजूलाच ठेवला. ‘ग्रेड ए सेल’ हेही सगळ्यांकडे लिहिलेलं असतं. सेलवर कारखान्याचा क्यूआर कोड असतो खरा, पण बंद डब्याच्या आत तो दिसणार कसा? त्यातून पुसून नवा कोरलेला कोडही असू शकतो. प्रमाणपत्रांत यूएन ३८.३ जवळजवळ प्रत्येकाकडे दिसतं. ती वाहतुकीच्या सुरक्षेची चाचणी आहे, लिथियम बॅटरी पाठवायची तर ती लागतेच. आयईसी ६२६१९ किंवा यूएल १९७३ ही बॅटरीच्या सुरक्षिततेची मानकं असतील तर त्याला वजन द्यायचं, आणि ते सेलला मिळालंय की पूर्ण बॅटरीला, हे विचारायचं. बरेचदा ते सेललाच असतं.

मी तिन्ही विक्रेत्यांना आधी ईमेलने तेच प्रश्न पाठवले. शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप बंद होतं का? सतत किती अँपिअर काढता येतात आणि त्याहून जास्त काढले तर किती सेकंदांत बंद पडते? सेल बॅलन्स करणं, म्हणजे सगळे सारख्या पातळीवर आणणं, कोणत्या व्होल्टेजला सुरू होतं? बॅटरी पूर्ण उतरून बंद पडल्यावर पुन्हा कशी जागी करायची? अ वाल्यांनी चारही उत्तरं आकड्यांसह दिली. ब वाल्यांनी पहिल्याचं उत्तर ‘होय’ एवढंच लिहिलं. क वाल्यांनी माहितीपत्रक परत पाठवलं. हा पत्रव्यवहार मला पुढच्या सगळ्या मोजमापांइतकाच उपयोगी पडला, कारण वॉरंटीत बोलायचं झालं तर याच लोकांशी बोलायचं असतं.

बॅटऱ्या आल्या, आधी वजन केलं. १०० एएचचा चौकोनी एलएफपी सेल जवळपास २ किलोचा असतो, चार सेल म्हणजे ८ किलो, वर डबा, बीएमएस, तांब्याच्या पट्ट्या. एकूण वजन ८ किलोंच्या खाली भरलं तर आत लिहिलेली क्षमता असणं अवघडच. अ आणि ब ११ किलोंच्या आसपास, क त्याहून किलोभर कमी. संशय घेण्याइतकं नाही, पण वहीत लिहून ठेवलं.

मग चार्जिंग. इथे थोडं थांबून सांगते, कारण बरीच माणसं याच टप्प्यावर बॅटरीला नावं ठेवतात किंवा ठेवायला हवीत तिथे ठेवत नाहीत. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो; क्षमतेचा निम्म्याच्या आसपास भाग १३.१ ते १३.३ व्होल्टमध्येच निघून जातो. मल्टिमीटर लावून ‘किती भरली’ हे त्यातून कळत नाही. शेवटी शेवटी मात्र व्होल्टेज एकदम वर उसळतो. चारही सेल एकसारखे भरलेले असतील तर चारही एकदमच वर जातात. एक सेल थोडा पुढे असेल तर तो आधी ३.६५ गाठतो, आणि बाकी तिघांना अजून जागा असली तरी बीएमएस चार्जिंग तोडतो.

अ चा व्होल्टेज १४.४ पर्यंत शांतपणे गेला, प्रवाह हळूहळू घटत २ अँपिअरवर आला, मी चार्जर बंद केला. ब चंही तसंच. क मात्र १३.९ वरच तुटली. टर्मिनलवरचा चार्जरचा व्होल्टेज एकदम उडी मारून वर गेला, शंटवरचा (प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा शून्य. दोन-चार मिनिटांनी पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. सेल असमान आहेत हे यावरून स्पष्ट होतं. किती असमान, ते दिसत नव्हतं, कारण तिला ब्लूटूथ नव्हतं आणि सेलचे वेगवेगळे व्होल्टेज बघायची सोय नव्हती.

बॅटऱ्यांचं वायरिंग करणारा माझा एक मित्र आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “अगं, चार्जर १४.६ ला लावून ठेवू नकोस. १३.८ वर आण आणि विसरून जा. घाई केलीस तर पुढचा सेलच पुढे जाईल.” त्यामागचं कारण असं: या बॅटऱ्यांतलं बॅलन्सिंग पुढे गेलेल्या सेलमधला थोडा प्रवाह रेझिस्टरमधून जाळून टाकतं, आणि तो प्रवाह बहुधा शंभर मिलीअँपिअरच्याही आतच असतो. शिवाय ते बहुधा सेल ३.४ च्या वर गेल्यावरच सुरू होतं. २० अँपिअर आत येत असताना ५० मिलीअँपिअर जाळून काही होत नाही. वरच्या टोकाजवळ, पण १४.६ पेक्षा कमी व्होल्टेजला, जवळजवळ प्रवाह नसताना धरून ठेवलं की त्याला वेळ मिळतो. क ला मी १३.८ वर धरून ठेवलं, सावकाश १४, मग १४.२. अखेर ती १४.४ ला न तुटता पोचली. कुठल्याही नव्या स्वस्त बॅटरीला आता मी वापरात आणण्याआधी हा वेळ देते.

क्षमतेची चाचणी सोपी आहे, वेळ मात्र खाते. ५०० अँपिअरचा शंट, इन्व्हर्टर आणि १०० वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून बॅटरीतून १८ अँपिअरच्या आसपास निघतात. उत्पादक बहुतेक ०.२ सी, म्हणजे १०० एएचला २० अँपिअरवर क्षमता सांगतात, त्यामुळे हे त्याच्या जवळचं आहे. खोली २५ अंशांच्या आसपास ठेवली. साडेपाच तासांच्या आसपास बल्ब जळत राहतात, व्होल्टेज तासन्‌तास १३ च्या जवळ. शेवटी मात्र बघण्यासारखं असतं: १२.५, १२.२, ११.६, आणि मग आकडे डोळ्यांदेखत गळतात. इन्व्हर्टर १०.५ ला बंद होतो. १० पर्यंतचं उरलेलं त्या वेळी इतकं थोडं असतं की हिशेबात फरक पडत नाही.

अ ने १०३.४ एएच दिले, ब ने १००.९. क ने बॅलन्स होण्याआधी ८९.७ आणि नंतर ९६.२. पहिल्याच आकड्यावर थांबले असते तर क बद्दल चुकीचं मत झालं असतं. पण दुसरा आकडाही लिहिलेल्या क्षमतेच्या खालीच होता. सेल सारखे भरूनही कमी भरते म्हणजे चारांपैकी निदान एक सेल कमकुवत. साखळीत सर्वांत छोटा सेल जिथे संपतो तिथे बॅटरी संपते.

यानंतर जास्त प्रवाह. १,००० वॉटचा हीटर इन्व्हर्टरवर लावला की बॅटरीतून ९० अँपिअरच्या जवळपास निघतात. तिन्हींच्या बीएमएसची सतत मर्यादा १०० अँपिअर लिहिलेली, तेव्हा हा भार त्यांनी निवांत पेलायला हवा. अर्धा तास चालवला आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने टर्मिनल तपासत राहिले. अ ४१ अंश, क ४४. ब चं ऋण टर्मिनल ६३ पर्यंत चढलं आणि अजून चढतच होतं. आधी माझ्या बाजूची शंका फेडली: केबलच्या टोकाचा लग बदलला, केबल अदलाबदल करून लावली, बोल्ट पुन्हा घट्ट केला. उष्णता त्याच टर्मिनलवर राहिली. म्हणजे आतला जोड. १०० अँपिअरच्या जागी एक मिलीओहमचा सैल जोड असला तरी तिथे १० वॉट सतत जळतात, आणि प्लास्टिकच्या बंद डब्यात ते बाहेर कुठे जाणार? क्षमतेच्या चाचणीत ब उत्तम ठरली होती. १८ अँपिअरला हा दोष दिसतच नाही.

मग दोन हीटर मिळून १,८०० वॉट, म्हणजे १६० अँपिअरच्या पुढे. जाड ५० चौरस मिलिमीटरच्या केबल आणि हाताशी स्विच ठेवूनच हे केलं. तिन्ही बॅटऱ्या काही सेकंदांत बंद पडल्या, आणि तेच हवं होतं. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १०० अँपिअरच्या एका बॅटरीवर लावणारे खूप जण दिसतात. तो इन्व्हर्टर पूर्ण भारावर १८० अँपिअर मागतो, तेव्हा तो चालणार नाही हे घेतानाच कळलेलं बरं. शिवाय मोठ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असताना तो जोडला की क्षणभर इतका प्रवाह ओढतो की बीएमएसला ते शॉर्टसर्किट वाटतं आणि बॅटरी ‘मेलेली’ दिसते. आधी एखाद्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घ्यायचे आणि मग थेट जोडायचं, एवढाच उपाय.

थंडीची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती. शून्याच्या खाली सेल थंड असताना चार्ज केला तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. क्षमता कायमची जाते आणि साचलेल्या धातूने आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. बाहेरून काहीच दिसत नाही. वीज काढणं मात्र थंडीत चालतं, बहुतेक पत्रकांवर उणे २० पर्यंत लिहिलेलं असतं, म्हणून बॅटरी ठीक आहे असंच वाटत राहतं. हिवाळ्यात सकाळचं पहिलं ऊन पॅनेलवर पडतं तेव्हा खोलीतली बॅटरी रात्रभर गारठलेली असते, आणि सोलरचा चार्ज कंट्रोलर लगेच चार्जिंग सुरू करतो. त्या वेळी रखवालदार एकटाच, बीएमएसचा तापमान मोजणारा सेन्सर.

बॅटरी आडव्या डीप फ्रीजरमध्ये मावते. ११ किलोंचा तो ठोकळा आतपर्यंत गार व्हायला पुष्कळ तास लागतात, त्यामुळे रात्रभर ठेवणं भागच होतं. सेन्सर सेलला चिकटलेला असेल तर तो सेलचं तापमान सांगतो, बीएमएसच्या पट्टीवरच असेल तर त्याच पट्टीचं. बाहेर काढून लगेच २ अँपिअरचा छोटा चार्जर लावला आणि क्लॅम्प मीटर बघितला. अ ने काहीच घेतलं नाही. तिच्या अ‍ॅपमध्ये कमी तापमानाचा इशारा होता, आणि सेन्सरचं वाचन ५ अंशांच्या पुढे गेल्यावर ती आपणहून चार्ज होऊ लागली. क च्या पत्रकावर ही सोय नाही असंच लिहिलेलं होतं, म्हणून तिला या चाचणीत घेतलंच नाही. ब च्या जाहिरातीत ही सोय होती, ईमेलमध्ये ‘होय’ होतं, आणि मीटरवर २ अँपिअर सरळ आत जात होते. मी त्याच क्षणी चार्जर काढला. मला खरा राग आला तो इथे. सोय नाही असं लिहिलं असतं तर चार्ज कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर लावून माणूस आपली व्यवस्था करतो. आहे म्हणून सांगितल्यावर कोण कशाला करेल? एकाच ब्रँडमध्ये ही सोय असलेलं आणि नसलेलं अशी दोन मॉडेलं जवळजवळ एकाच नावाने विकली जातात, हेही इथे नोंदवते. मॉडेलचं पूर्ण नाव बघून घ्यावं.

शेवटची चाचणी: पूर्ण उतरवून बंद पाडणं. बीएमएसने तोडलं की टर्मिनलवर शून्य किंवा एखाद-दोन व्होल्ट दिसतात. साधा चार्जर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाही, आणि बऱ्याच सोलर कंट्रोलरनाही आधी बॅटरी दिसावी लागते, मगच ते पॅनेलची वीज घेतात. ऑफ-ग्रिड खोलीत ही अडचण गंभीर आहे. बाहेर लख्ख ऊन, पॅनेल तयार, बॅटरी शाबूत, आणि तरी खोली अंधारात, कारण दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले. अ काही वेळाने आपणहून टर्मिनल पुन्हा जोडून पाहत होती, चार्जर मिळाला की घेत होती. ब आणि क ला शून्य व्होल्टवर जागं करणारा लिथियमचा चार्जर लागला. त्यापेक्षा बॅटरी तिथवर जाऊच द्यायची नाही हे चांगलं. इन्व्हर्टरचा कटऑफ मी १२ व्होल्टला ठेवला आहे, बीएमएसच्या बराच आधी.

क परत करायची ठरवली. विक्रेत्याने शंटचे फोटो, मल्टिमीटरसह व्हिडिओ, बिल मागितलं. चाचणीच्या सगळ्या नोंदी होत्याच, त्या पाठवल्या. लिथियम बॅटरी वाहतुकीत नवव्या वर्गातला धोकादायक माल धरली जाते, ग्राहकाने ती परत पाठवणं खर्चिक आणि किचकट. वॉरंटी ५ वर्षांची की १०, याच्याआधी परतीची वाहतूक कोणाच्या खर्चाने हे विचारायला हवं. मला बरीच घासाघीस करून बदली मिळाली. ब च्या विक्रेत्याने तापमानाच्या सोयीबद्दलच्या दोन पत्रांना उत्तरच दिलं नाही. खरेदी ज्या संकेतस्थळावरून केली त्यांच्याकडे तक्रार केल्यावर पैसे परत आले.

व्हॅनमध्ये अ बसली. तिथे बॅटरीइतकंच लक्ष गाडीच्या इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडे द्यावं लागलं. लिथियमचा अंतर्गत रोध कमी, ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि गाडी जागेवर चालू असताना अल्टरनेटर थंड ठेवणारा पंखाही हळू फिरत असतो. त्यात बीएमएसने मध्येच चार्जिंग तोडलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जाऊ शकतात. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला की दोन्ही प्रश्न मिटतात. चार्जरमध्ये जुन्या लेड-अ‍ॅसिडसाठी असलेलं इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद केलं, कारण त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातो. तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सोयही बंद. धन टर्मिनलपासून जवळात जवळ क्लास टी फ्यूज लावला. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडू शकते, आणि साधा फ्यूज तुटूनही मध्ये ठिणगीची कमान धरून ठेवू शकतो. क्लास टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडण्यासाठीच बनवलेला असतो. बॅटरीत वाचवलेले पैसे निदान इथे तरी खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे.

खोलीसाठी आधीचा बेत अ सारख्या चार बॅटऱ्या ओळीत जोडून ४८ व्होल्ट करण्याचा होता. तो सोडला. ओळीत जोडल्या की चार वेगवेगळे बीएमएस असतात आणि त्यांतला एकही शेजारच्या बॅटरीला समान करू शकत नाही. एक मागे पडली की ती आधी तुटते आणि सगळी ओळ बंद. तुटलेल्या त्या बीएमएसच्या मॉस्फेटवर (प्रवाह तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) तर पूर्ण ओळीचा व्होल्टेज येतो, म्हणूनच उत्पादक ‘चारपेक्षा जास्त नाही’ असं लिहितात. ज्यांना असंच करायचंय त्यांनी आधी प्रत्येक बॅटरी वेगळी पूर्ण भरावी, मग सगळ्या समांतर जोडून रात्रभर ठेवाव्यात, आणि त्यानंतरच ओळ करावी. मी त्याऐवजी एकाच डब्यात १६ सेल आणि एकच बीएमएस असलेली ५१.२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी घेतली. साठा तेवढाच, ५,१२० वॉट-तास, पण सोळाही सेलचे व्होल्टेज एका पडद्यावर दिसतात. मधल्या पट्ट्यात त्यांच्यातला फरक ५ मिलीव्होल्टच्या आत राहतो, वरच्या टोकाला ३० पर्यंत जातो आणि धरून ठेवला की उतरतो.

याही बॅटरीवर वरच्या सगळ्या चाचण्या केल्या, फ्रीजरची सोडून, कारण ती त्यात मावत नाही. तिचा सेन्सर थंडीत तपासायचा राहिला आहे, म्हणून सोलर कंट्रोलरला वेगळा तापमान सेन्सर लावून ५ अंशांखाली चार्जिंग बंद केलं आहे. चार्जिंग ५६ व्होल्टपर्यंत, म्हणजे सेलला ३.५, आणि फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज, ५४. बदलून आलेली क सध्या १३.८ वर धरलेली आहे. ती भरली की तिला शंट आणि दोन बल्ब लागतील, आणि आकडा १०० च्या वर आला तर ती पाण्याच्या पंपासाठी वापरेन.